ब्लड कॅन्सरची पेशी स्वतःच स्वतःला वाढवते म्हणजे नेमकं काय करते? (आणि गोळी बंद करावी का)

सेलूकर
राम राम मंडळी. आमच्या तात्यांना (सख्खे चुलते, वय ५४, सेलूजवळच्या गावातच असतात) मागच्या वर्षी सीएमएल (हळूहळू वाढणारा एक ब्लड कॅन्सर) निघाला. वजन उतरायलं होतं, डाव्या बरगडीखाली जड लागायचं, दोन घास खाल्ले की पोट गच्च. गावातल्या डॉक्टरांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला लावली तर पांढऱ्या पेशी पावणेदोन लाखाच्या वर. लॅबवाल्याला आधी वाटलं मशीनच बिघडली, त्यानं परत रक्त घेतलं. मग संभाजीनगरला बोन मॅरो झाली आणि रिपोर्टात बीसीआर-एबीएल (ह्या आजाराची खूण असलेलं बिघडलेलं जनुक) पॉझिटिव्ह आलं. तेव्हापासून इमॅटिनिब ४०० ची रोज एक गोळी चालू आहे. आता सीबीसी नॉर्मल, स्प्लीन (प्लीहा) हाताला लागत नाही, तात्या रानात जायलेत, यंदा सोयाबीनची रास स्वतः उभं राहून केली.

आता अडचण अशी की तात्या म्हणायलेत, रिपोर्ट चांगला आला, मग उगं गोळी कशाला खायची. काकू म्हणतात खा, आजी म्हणते पोराच्या पोटात किती औषध घालता. डॉक्टरांनी ओपीडीत एवढंच सांगितलं की ही पेशी स्वतःच स्वतःला वाढायचा हुकूम देते म्हणून गोळी बंद करायची नाही. मागं एवढी गर्दी होती की पुढं काही विचारता आलं नाही.

तर मला हे समजून घ्यायचंय. पेशी स्वतःला हुकूम देते म्हणजे काय करते? आणि रक्तात ती आता दिसतच नाही तर हुकूम देतंय कोण? "डॉक्टर म्हणाले" एवढ्यावर तात्या ऐकणारे नाहीत, त्यांना कारण लागतं.

मांजराकाठ
आधी गोळी चालू ठेवा. चर्चा नंतर.

नांदेडचा_बाळू
ह्याच विषयावर एक शंका मलाही आहे. आमच्या गल्लीत एकजण सगळ्यांना सांगत सुटलाय की साखर, गूळ बंद केला की कॅन्सरची पेशी उपाशी मरते. व्हॉट्सॅपवर पण तेच फिरायलंय. जर ती स्वतःच वाढते तर तिला खायला लागतंच की. खरं काय ते जाणकारांनी सांगावं.

लॅबवाला
सेलूकर, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच सांगतो.

हाडाच्या पोकळीत जो मगज असतो तिथं रोज अब्जावधी रक्तपेशी तयार होतात. पण कोणतीही पेशी मनानं वाढत नाही. तिला बाहेरून निरोप यावा लागतो. शरीरात रक्त कमी पडलं की किडनी एरिथ्रोपॉइटिन सोडते आणि तांबड्या पेशी वाढतात. इन्फेक्शन झालं की जीएम-सीएसएफ, जी-सीएसएफ, इंटरल्यूकिन असली रसायनं सुटतात आणि पांढऱ्या वाढतात. हे रसायन पेशीच्या अंगावरच्या रिसेप्टरला चिकटतं, मग आतमध्ये कायनेज नावाची प्रथिनं एकामागं एक जागी होतात आणि शेवटी केंद्रकापर्यंत निरोप जातो की आता दोन व्हा. काम झालं की रसायन संपतं आणि सगळं परत शांत.

ब्लड कॅन्सरमध्ये ही साखळी कुठंतरी बिघडते. कधी पेशी ते रसायन स्वतःच बनवून स्वतःच्याच रिसेप्टरला देते. कधी रिसेप्टर असा बिघडतो की रसायन नसतानाही तो चालू राहतो. आणि कधी आतलं कायनेजच चालू अवस्थेत अडकतं. तात्यांचं हे तिसरं आहे.

तात्यांना असं सांगा. बोअरच्या मोटारीचा स्टार्टर त्यांना माहीतच असणार. आतला कॉन्टॅक्टर जळून चिकटून बसला की लाल बटण कितीही दाबा, मोटार काही थांबत नाही, पाणी संपलं तरी कोरडी फिरत राहते. बीसीआर-एबीएल म्हणजे तो चिकटलेला कॉन्टॅक्टर. बाहेरून कोणी चालू करायची गरजच उरलेली नाही.

इमॅटिनिब काय करते, तर एबीएल कायनेजमध्ये एक खोबण असते, तिथं एटीपी (पेशीतलं ऊर्जा पुरवणारं रसायन) येऊन बसतं आणि त्याच्या जोरावर ते काम करतं. गोळीचा रेणू बरोबर त्याच खोबणीत जाऊन बसतो. एटीपीला जागा नाही, निरोप बंद. पण औषध काही तिथं कायमचं बसत नाही, दिवसभरात शरीर ते बाहेर टाकत असतं, म्हणून रोज गोळी.

बाळू, साखरेचं: शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोज वापरते, चांगलीही आणि कॅन्सरचीही. तुम्ही गूळ सोडला तरी लिव्हर रक्तात ग्लुकोज सोडतंच राहतं. डायबिटीस असेल तर साखर सांभाळा, ते वेगळं. पण गूळ सोडून बीसीआर-एबीएल बंद होत नाही. उलट पेशंट जेवणंच कमी करतो आणि अशक्त होतो, हे मी रोज बघतो.

नांदेडचा_बाळू
म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तात्यांनी पेढे वाटायला हरकत नाही. सेलूकर, नांदेडचा पत्ता व्यनि करू का? :)

सेलूकर
करा की. कॉन्टॅक्टरचं तात्यांना एका मिनिटात पटलं. लगेच म्हणाले, मागच्या उन्हाळ्यात आपली मोटार अशीच जळाली.

गोदाकाठ
लॅबवाले यांचा प्रतिसाद आवडला. मी बावीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आता पैठणला निवांत असतो. थोडी भर घालतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

हे बीसीआर-एबीएल येतं कुठून? १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांना सीएमएलच्या पेशंटच्या पेशीत एक विचित्र आखूड गुणसूत्र दिसलं. तेच फिलाडेल्फिया क्रोमोसोम. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रॉली यांनी दाखवून दिलं की ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेत. त्या जोडावर दोन जनुकं शेजारी येतात आणि त्यातून असं प्रथिन तयार होतं जे निसर्गात कधी नव्हतंच. मगजातल्या एका पेशीत ही अदलाबदल होते आणि पुढची सगळी फौज तिच्यापासून. आईवडिलांकडून येत नाही, पोरांना जात नाही, ताटात जेवल्यानं लागत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडं अजूनही पेशंटचा तांब्या वेगळा ठेवणारी घरं आहेत आणि ते बघून जीव तुटतो.

पण "स्वतःच स्वतःला" हा प्रकार खऱ्या अर्थानं बघायचा तर लॅबवाल्यांनी सांगितलेला पहिला प्रकार बघा. १९८० मध्ये स्पोर्न आणि टोडारो या शास्त्रज्ञांनी मांडलं की कॅन्सरची पेशी वाढीचं रसायन स्वतः बनवून स्वतःच वापरत असावी. याला ऑटोक्राइन म्हणतात. नंतर ब्लड कॅन्सरमध्ये याचे पुरावे सापडत गेले. एएमएल (झपाट्यानं वाढणारा एक ब्लड कॅन्सर) झालेल्या काही पेशंटच्या पेशी जीएम-सीएसएफ स्वतः बनवतात. आणि सेलूकर, तुमच्या कामाचं म्हणजे सीएमएलच्या अगदी मुळाच्या पेशी इंटरल्यूकिन-३ आणि जी-सीएसएफ स्वतः तयार करतात हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे तिथं आतलं बटणही अडकलेलं आणि बाहेरचा निरोपही घरचाच.

कपाशी
सगळे पेशीवरच ढकलायलात. आमच्या मानवत भागात फवारणी करणाऱ्यांचं काय? पंधरा पंधरा दिवस पाठीवर पंप, तोंडाला फडकं नाही, अंग ओलंचिंब, त्याच हातानं भाकर. मग पेशी बिघडली तर नवल काय? याच्यावर कोणी बोलत नाही आणि कंपन्या मोकळ्या.

लॅबवाला
कपाशी, तुमचा राग रास्त आहे आणि फवारणीचा विषय हलका नाहीच. शेतात कीटकनाशकं हाताळणाऱ्यांत लिम्फोमा आणि मायलोमाचं (हेही ब्लड कॅन्सरचेच प्रकार) प्रमाण थोडं जास्त दिसतं असे अभ्यास आहेत. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ मध्ये "बहुधा कॅन्सरकारक" या गटात टाकलं, तेही मुख्यतः लिम्फोमाच्या अभ्यासांवरून. बेंझिनमुळं एएमएल होतो हे तर पक्कं आहे. पण सीएमएलमध्ये पक्कं ठरलेलं बाहेरचं कारण एकच, मोठ्या प्रमाणातलं रेडिएशन. हिरोशिमा नागासाकीत वाचलेल्या लोकांत ते दिसलं. बाकी बहुतेक पेशंटमध्ये कारण सापडत नाही. त्यामुळं तात्यांना फवारणीमुळंच झालं असं मला म्हणता येणार नाही. हातमोजे, मास्क, फवारणीनंतर आंघोळ, हे मात्र आजपासूनच करा, विषबाधेनं दरवर्षी माणसं जायलीत.

कपाशी
एका पेशंटचं कारण सांगता येत नाही हे मान्य. पण म्हणून प्रश्न बंद होत नाही. वेगळा धागा काढतो.

हिंगोलीहून
सेलूकर भाऊ, मन लावून वाचा. आमच्या मेव्हण्याचं सेम असंच झालं. वर्षभर गोळी घेतली, सीबीसी टकाटक. मग कोणीतरी काढा दिला, जडीबुटीवाला होता, म्हणाला इंग्रजी औषधानं लिव्हर खराब होतं, ते सोड. त्यानं घरात कोणाला न सांगता गोळी सोडली, डबी तशीच भरलेली कपाटात. काही महिन्यांनी परत पोट फुगलं, पांढऱ्या पेशी दीड लाख. पुन्हा इमॅटिनिब चालू केली तर ह्यावेळी तिनं कामच केलं नाही. म्युटेशनची टेस्ट केली, मग डॅसॅटिनिब ह्या दुसऱ्या गोळीवर टाकलं. आता बरा आहे पण दोन वर्षं घर हललं आमचं. बहीण अजून रोज सकाळी स्वतःच्या हातानं गोळी देती आणि त्यानं गिळेपर्यंत समोर उभी राहती.

रानपाखरू
काढ्यांना सरसकट नावं ठेवू नका. गुळवेलीनं आमच्या आईला फरक पडलाय.

धारूर_घाट
रानपाखरू, मी मेडिकल चालवतो, म्हणून सांगतो, श्रद्धेवर बोलत नाही. इमॅटिनिब लिव्हरमधल्या एका एन्झाइमवर तुटते. काही वनस्पती तो एन्झाइम वाढवतात, मग औषध लवकर संपतं आणि पुरत नाही. काही तो अडवतात, मग औषध अंगात साठतं. ग्रेपफ्रूटचा रस, फिट येण्यावरची काही औषधं, टीबीची रिफाम्पिसिन, सगळ्यांचा हा त्रास आहे. आणि गुळवेलीनं काहीजणांच्या लिव्हरला सूज आल्याच्या केसेस कोविडनंतर नोंदल्या गेल्यात. आईंना जे चालू आहे ते त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, लपवू नका, एवढंच म्हणणं.

आणि तात्यांना अजून एक सांगा. आज ही गोळी ज्या भावात मिळते ती तशी फुकट हाताला लागलेली नाही. अमेरिकेत २००१ ला ही मंजूर झाली. आपल्याकडं मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख होता, आणि आपल्या कंपन्यांची तीच गोळी दहा हजाराच्या आत. नोव्हार्टिसनं (हीच ती मूळ कंपनी) पेटंटसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत केस नेली आणि १ एप्रिल २०१३ ला कोर्टानं पेटंट नाकारलं. म्हणून आज सेलूतल्या शेतकऱ्याला ही परवडते. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या.

सरिता_अंबड
मी स्वतः सीएमएलची पेशंट आहे. सहा वर्षांपासून गोळीवर. आपल्याकडं हा आजार बाहेरच्या देशांपेक्षा तरण्या वयात होतो, मला झाला तेव्हा माझं धाकटं लेकरू बालवाडीत होतं.

गोळी का सोडावीशी वाटते ते मी सांगते, कारण ज्याला खावी लागती त्यालाच कळतं. सकाळी उठलं की डोळ्याखाली एवढी सूज की आरशात आपणच आपल्याला ओळखू येत नाही. रात्री पोटरीत असा गोळा येतो की किंचाळून उठते. सुरुवातीला मळमळ. लोक विचारतात, तोंड का सुजलंय, रडलीस का. तात्यांना पण असंच काही होत असणार आणि पुरुष माणसं बोलत नाहीत, "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणतात. त्यांना बसवून विचारा काय त्रास होतो. मी गोळी दुपारी भरपेट जेवणावर मोठा ग्लासभर पाणी पिऊन घ्यायला लागले तेव्हा मळमळ थांबली. मीठ कमी केलं तर सूज कमी. पोटऱ्यांसाठी डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. हे सगळं डॉक्टरांना सांगून, मनानं नाही.

तरण्या बायकांनी एक ध्यानात ठेवा, ह्या गोळीवर दिवस राहू द्यायचे नसतात, बाळाला धोका असतो. लेकरू हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, ते मार्ग काढतात.

सेलूकर
सरिताताई, तुमचा प्रतिसाद काकूंना वाचून दाखवला. काकू म्हणाल्या, पोटरीत गोळा येतो म्हणून हे रात्री अंगणात फिरत असतात, आम्हाला वाटलं झोप लागत नाही. तात्यांनी आजवर एक अक्षर काढलं नव्हतं.

रेणुका_मावशी
थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच आहे. माझ्या सासूबाईंना मल्टिपल मायलोमा आहे. वर्षभर कंबरदुखी म्हणून मालिश आणि पट्टेच चालू होते, मग मणका दबला तेव्हा कळलं. ह्यात पण पेशी स्वतःच स्वतःला वाढवते का? आणि रक्ताच्या आजारात हाडं का झिजतात?

गोदाकाठ
रेणुकाताई, मायलोमात गोष्ट जरा वेगळी आहे. ह्या पेशींना वाढायला इंटरल्यूकिन-६ लागतं. १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी मांडलं की त्या ते स्वतःच बनवतात. नंतरच्या अभ्यासात दिसलं की काही पेशी बनवतात खऱ्या, पण बराचसा पुरवठा मगजातल्या शेजारच्या आधार पेशींकडून होतो. मायलोमाची पेशी त्यांना जाऊन चिकटते आणि त्यांच्याकडून ते रसायन काढून घेते. शिवाय ती हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना चेतवते. हाड विरघळतं, त्यातली वाढीची रसायनं मोकळी होतात आणि ती परत मायलोमालाच मिळतात. म्हणून मणका दबतो, कॅल्शियम वाढतं. हाडांसाठी झोलेड्रॉनेटचं इंजेक्शन देतात, ते सुरू करायच्या आधी दात दाखवून घ्या, नंतर दात काढला तर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो.

मांजराकाठ
माझ्या वडिलांचं हिमोग्लोबिन १९ आलं होतं, सगळे म्हणाले भाग्यवान, रक्त भरपूर आहे. शेवटी जेएके२ (आणखी एक बिघडलेलं जनुक) पॉझिटिव्ह निघालं, पॉलिसायथेमिया, म्हणजे तांबड्या पेशी बेसुमार वाढायचा आजार. त्यांच्या रिपोर्टात एरिथ्रोपॉइटिन खूपच कमी होतं, ते का, हे आत्ता ह्या धाग्यावर समजलं. किडनी निरोप पाठवतच नव्हती आणि पेशी तरी वाढत होत्या.

गोदाकाठ
बरोबर ओळखलंत. जेएके२ मधला हा बदल २००५ मध्ये सापडला, पॉलिसायथेमियाच्या ९५ टक्क्यांहून जास्त पेशंटमध्ये असतो. रिसेप्टरच्या पोटात बसलेलं ते कायनेज, निरोपाशिवाय चालू. रक्त घट्ट होऊन गुठळी होण्याची भीती असते, म्हणून रक्त काढावं लागतं.

सेलूकर
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. रक्तात पेशी दिसत नाही, तर मग गोळी नेमकं कोणाला अडवायलीय? आणि ही जन्मभर खायची का? तात्यांनी हेच विचारायला लावलंय.

लॅबवाला
सीबीसी नॉर्मल म्हणजे पेशी संपल्या असं नाही. सीबीसीत मोजणी होते, बिघडलेलं जनुक दिसत नाही. त्यासाठी बीसीआर-एबीएलची क्वांटिटेटिव्ह पीसीआर टेस्ट असते, ती हजारो पेशींतली एक बिघडलेली पेशीसुद्धा पकडते. रिपोर्टवर "आयएस" लिहिलेली (म्हणजे सगळ्या लॅबना सारख्या आंतरराष्ट्रीय मापातली) टक्केवारी बघा. ढोबळ हिशेब असा की ३ महिन्यांत १० टक्क्यांपर्यंत, ६ महिन्यांत १ पर्यंत आणि १२ महिन्यांत ०.१ पर्यंत उतरायला पाहिजे.

आता अडचणीची गोष्ट. गोळी वाढणाऱ्या पेशी मारते. पण मगजात काही मूळ पेशी झोपल्यासारख्या पडून असतात, त्यांच्यात बीसीआर-एबीएल असतं पण जगण्यासाठी त्या त्याच्यावर अवलंबून नसतात. म्हणून गोळीनं त्या मरत नाहीत. गोळी सोडली की त्यांच्यातून परत पीक उभं राहतं. तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर हेच, हुकूम देणारं आत बसलेलं आहे, ते सीबीसीत दिसत नाही.

जन्मभर का? आता तसं सरसकट नाही. बरीच वर्षं गोळी घेऊन पीसीआर दोनेक वर्षं सलग ०.०१ टक्क्याच्या खाली राहिलं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून बघतात. त्यातल्या साधारण निम्म्या लोकांत आजार परत डोकं वर काढतो, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, म्हणून तेव्हा दर महिन्याला पीसीआर लागते. वेळेवर परत गोळी सुरू केली तर जवळजवळ सगळे पुन्हा ताब्यात येतात. तात्यांचं वर्षच झालंय, त्यांच्यासाठी ही वेळ अजून लांब आहे.

सरिता_अंबड
मी त्याच वाटेवर आहे. माझं ०.०१ च्या खाली आलंय, डॉक्टर म्हणाले अजून थोडं थांबू. तात्यांना सांगा, सोडायची असेल तर अशी सोडायची, डबी कपाटात लपवून नाही.

सेलूकर
आज संध्याकाळी ओट्यावर सगळं वाचून दाखवलं. तात्या बराच वेळ प्रश्न विचारत बसले, मग म्हणाले पीसीआर करू, मला तो आकडा बघायचाय. आजींना पण हिंगोलीच्या भावांचा प्रतिसाद ऐकवला, आता त्याच म्हणतात खा बाबा. पोटऱ्यांचं पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगणार. पीसीआरसाठी परत संभाजीनगरला जावं लागंल का? मगज परत काढतात का?

लॅबवाला
मगज नाही, हाताच्या शिरेतलं रक्त. जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. मोठ्या लॅबचं कलेक्शन सेंटर परभणीत असेल तर तिथंही देता येईल. दोन गोष्टी पाळा. नमुन्यातला आरएनए लवकर खराब होतो, म्हणून शनिवारी किंवा सणाच्या आदल्या दिवशी रक्त देऊ नका, पुढच्या एक-दोन दिवसांत ते मोठ्या लॅबला पोचलं पाहिजे. आणि दर वेळी एकाच लॅबमधून करा, आयएस लिहिलेलं बघून, नाहीतर आधीच्या आकड्याशी नीट जुळवता येत नाही. सुरुवातीला दर ३ महिन्यांनी. रिपोर्ट आला की आकडा इथं टाका.

नांदेडचा_बाळू
०.१ च्या खाली आला तर पेढ्यांचं नक्की धरतो.